दादाला मतदानाची माहिती समजेल अशी कशी लिहू?

वर्षा, मिरज

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. वय अडतीस. मतदार यादीत नाव आहे, मतदार ओळखपत्र आहे, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आहे, पण आजवर एकदाही मतदान केलेलं नाही. घरात कुणी मुद्दाम अडवलं असं नाही. "त्याला काय कळतंय त्यातलं" एवढ्यावर विषय मिटायचा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान करून आम्ही सगळे घरी आलो, तेव्हा दादानं आईचं शाईचं बोट बघून विचारलं, "माझं कवा?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी तो येणार आणि बटण त्याचं तोच दाबणार, असं मी ठरवलंय.

त्याला काय जमतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मोठी, सुटी अक्षरं वाचतो. जोडाक्षर आलं की अडतो, पण 'रस्ता', 'स्टँड' हे शब्द बघूनच ओळखतो. नोटा रंगावरून कळतात. वाक्य लांबलं की शेवटचा तुकडा तेवढा डोक्यात राहतो. काकांच्या पिठाच्या गिरणीत काम करतो. कुणाचा डबा कुठला, कोण आधी आलं, कुणाचं बारीक दळायचं, हे त्याला तोंडपाठ असतं. डब्यावरची खूण बघून घर सांगतो. कुणी रांग मोडली तर काकांच्या आधी तो बोलतो.

मतदानाच्या वेळी घरी येणारी पत्रकं मी त्याच्यासमोर वाचून बघितली. 'विहित ओळखपत्रांपैकी कोणतेही एक मूळ ओळखपत्र सोबत बाळगणे बंधनकारक राहील' अशा धर्तीची वाक्यं. मलाच दोनदा वाचावी लागतात.

मला एक छोटी पुस्तिका करायची आहे. वाक्यं कशी लिहू, चित्रं कुठली घेऊ? आणि खरी अडचण पुढची आहे. 'कसं करायचं' हे मी शिकवीन, पण 'कुणाला' हे त्याचं त्याला ठरवता यावं म्हणून काय करू? मी समजावायला बसले की माझं मत त्याच्या तोंडी जाणार. ते मला नको आहे.

---

विशेष शिक्षिका, ठाणे

वर्षाताई, मी प्रौढांच्या कार्यशाळेत बरीच वर्षं होते. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण बहुतेक जण तिथपर्यंत येतच नाहीत.

आधी कायद्याचं, म्हणजे घरातल्यांची शंका मिटेल. बौद्धिक अक्षमता आहे म्हणून मतदार यादीतून नाव जात नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सक्षम न्यायालयानं एखाद्याला मनोविकल ठरवलं असेल, तरच तो अपात्र होतो. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून घेतलेलं पालकत्व म्हणजे तसा निकाल नव्हे. आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ११ नक्की वाचा. मतदान केंद्रं तर सुगम हवीतच, शिवाय निवडणुकीचं सगळं साहित्य दिव्यांगांना सहज समजेल असं असावं, ही जबाबदारी केंद्राच्या आणि राज्याच्या निवडणूक आयोगावर टाकली आहे. त्याच कायद्यात संवादाच्या व्याख्येत ब्रेल आणि सांकेतिक भाषेच्या जोडीला सोपी भाषाही आहे. रॅम्प आपण हक्कानं मागतो. सोपं पत्रकही तसंच मागायचं असतं.

आता पुस्तिका. एक नको, दोन करा. एक 'मतदान कसं करायचं' आणि दुसरी 'कोण उभं आहे'. दोन्ही एकत्र केल्या की माणूस गोंधळतो आणि सांगणाऱ्याची बाजूही नकळत आत शिरते.

पहिलीसाठी, २००९ साली 'इन्क्लूजन युरोप' या संघटनेनं सोप्या वाचनाचे नियम काढले, त्यातले बरेचसे मराठीलाही चालतात. एका वाक्यात एकच गोष्ट. नवं वाक्य नव्या ओळीवर. एका वस्तूला सगळीकडे एकच शब्द, एकदा 'यंत्र' आणि एकदा 'मशीन' असं नको. जे करायचं ते सांगा. 'गर्दी करू नये' हे वाचून काय करावं ते कळत नाही, 'रांगेत उभे राहा' हे कळतं. तुमच्या ओळखपत्राच्या वाक्याचं मी असं करीन:

मतदानाला जाताना कार्ड घ्या.
हे ते कार्ड आहे. (इथे दादाच्या स्वतःच्या कार्डाचा फोटो)
कार्ड शर्टाच्या खिशात ठेवा.

बारा प्रकारची ओळखपत्रं चालतात, ही माहिती खरी आहे, पण ती दादाला लागत नाही. त्याच्याकडे जे आहे तेवढंच सांगा. सोपं लिहिताना निम्मं काम काय गाळायचं ते ठरवण्यात जातं, आणि ते माणूस ओळखीचा असल्याशिवाय ठरत नाही. जोडाक्षरांना सरसकट घाबरू नका. 'स्टँड' तो ओळखतो असं तुम्हीच लिहिलंय. 'मत' हा शब्द दिसायला सोपा आहे, पण त्यानं तो कधी वापरलाच नसेल तर तो 'स्टँड'पेक्षा अवघड.

पुस्तिकेत 'तुम्ही' लिहा. तुम्ही त्याला घरात दादा म्हणता, तो तुम्हाला वर्षा म्हणतो, ते तसंच असू दे. पण छापलेल्या कागदावर अडतीस वर्षांच्या माणसाला 'तू' नको. आपल्याकडे चाळिशीच्या माणसांनाही संस्थेत 'आमची मुलं' म्हणतात आणि मग चित्रंही बालवाडीची लावतात. फुगे, अस्वलं अजिबात नकोत.

आणि लिहून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. आपली माणसं नेहमी "हो" म्हणतात. त्यांना लहानपणापासून हो म्हणायचीच सवय लावलेली असते. "आत गेल्यावर आधी काय करायचं, मला दाखव" असं म्हणा. जिथे तो थांबेल तिथलं पान बदला.

सरावासाठी पुठ्ठ्याचं यंत्र करा. नावं, फोटो, शेजारी निळी बटणं. कार्यशाळेत आम्ही शुक्रवारच्या नाश्त्याचं मतदान घ्यायचो. पोहे, उपमा, मिसळ आणि शेवटी 'यापैकी नको'. निकाल लागला की तोच पदार्थ व्हायचा. मत दिल्यानं काहीतरी घडतं, हे मला दुसऱ्या कुठल्याही प्रकारे समजावता आलं नसतं. आणि जो हरला तो दुसऱ्यांचा उपमा खाऊन पुढच्या शुक्रवारची वाट बघायचा. लोकशाहीचा तो भागही महत्त्वाचाच की.

दुसऱ्या पुस्तिकेचं सांगते. प्रत्येक उमेदवाराला एक पान. फोटो सारख्या मापाचे, ओळी तितक्याच, यादीत नाव ज्या क्रमानं आहे तोच क्रम. विषय दादाच्या जगण्यातले घ्या: गिरणीसमोरचा रस्ता, नळाचं पाणी, बस, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. उमेदवार त्याबद्दल काय बोलला ते त्याच्याच पत्रकातून घ्या. काहीच बोलला नसेल तर 'याबद्दल काही सांगितलेलं नाही' असं लिहा. ब्रिटनमध्ये मोठे पक्ष जाहीरनाम्याची सोपी आवृत्ती स्वतःच काढतात, आपल्याकडे ते काम घरच्यांना करावं लागतं. शक्य झालं तर हे पान वाचून दाखवायला वेगळ्या मताच्या माणसाला बसवा. घरात काका आणि तुम्ही वेगवेगळ्या बाजूचे असाल तर फारच छान.

एवढं करून दादानं केवळ चेहरा आवडला म्हणून बटण दाबलं तरी ते मान्य करा. बाकीच्या मतदारांना आपण कारण विचारत नाही.

---

झेडपीचा मास्तर

मी निवडणूक ड्यूटी बऱ्याचदा केलीय. वर्षाताई, आतला क्रम देतो. पानं याच क्रमानं लावा, कारण दादांना रांग आणि क्रम पक्का कळतो असं दिसतंय.

विधानसभा-लोकसभेला: पहिला अधिकारी यादीत नाव बघतो आणि मोठ्यानं वाचतो. हे आधीच सांगून ठेवा, अनोळखी माणसानं अचानक पूर्ण नाव पुकारलं की काही जण दचकतात. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, सही किंवा अंगठा घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन त्याच्याकडच्या यंत्राचं बटण दाबतो. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचं. मतदान यंत्रावर हिरवा दिवा लागलेला असतो. हव्या त्या नावासमोरचं निळं बटण दाबायचं. तिथे लाल दिवा लागतो. शेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणारं यंत्र असतं, त्याच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि मोठा बीप वाजतो. बीप ऐकू येईपर्यंत तिथेच थांबायचं, ही ओळ ठळक छापा. बरेच धडधाकट लोकसुद्धा बटणाला बोट लावून लगेच पळतात.

सोबत्याबद्दल नीट ऐका. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-एन हा नियम अंध किंवा शारीरिक दुर्बलता असलेल्या मतदारासाठी आहे. ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्याला १८ वर्षांवरचा सोबती आडोशामागे नेता येतो. सोबत्याला गुप्ततेचं लेखी द्यावं लागतं आणि त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही. पण नियमात शब्द 'शारीरिक' आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मतदाराला सोबती द्यायचा की नाही, हे केंद्राध्यक्षाच्या समजुतीवर जातं. दादा चिन्ह ओळखतात आणि बटणही दाबू शकतात, तेव्हा एकट्यानं जायची तयारी करा. तुम्ही खोलीच्या दारापर्यंत सोबत या.

दिव्यांगांना रांगेत न थांबता आत सोडतात. हे दादांना सांगा आणि काय हवं ते त्यांनाच ठरवू द्या. रांग मोडलेली त्यांना आवडत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर जबरदस्तीनं पुढे नेलं तर बिथरतील.

मतदानाच्या आधी एखाद्या रविवारी त्यांना केंद्राच्या शाळेत घेऊन जा. फाटक, व्हरांडा, खोलीचं दार यांचे फोटो तेव्हाच काढा. मतदानाच्या दिवशी केंद्रात मोबाइल चालत नाही. तयार चित्रांपेक्षा हे फोटो लाखमोलाचे.

---

नाशिकची आई

मला वेगळं वाटतं, आणि ते मांडते. माझी लेक सव्वीस वर्षांची आहे, तिलाही बौद्धिक अक्षमता आहे. मागच्या निवडणुकीच्या वेळी गल्लीतला एक कार्यकर्ता घरी येऊन गोड बोलून गेला, "ताईंना आम्ही रिक्षातून नेतो, आणतो, तुम्ही काळजी करू नका." माझ्या लेकीला जो चॉकलेट देतो तो चांगला. तिचं मत तिचं राहीलच कसं? पुस्तिका करून आपण तिला उलट अशा माणसांच्या हातात तर देत नाही ना? तिचा हक्क मला नाकारायचा नाही. मला भीती वाटते, आणि ती पोकळ नाही.

---

विशेष शिक्षिका, ठाणे

ताई, भीती रास्त आहे. म्हणूनच माहिती आधी आपल्याकडून जायला हवी. पुस्तिकेत एक पान याच गोष्टीचं करा:

कोणी म्हणेल, "याला मत द्या."
कोणी खाऊ देईल. कोणी पैसे देईल.
तुम्ही "नको" म्हणा.
मत तुमचं आहे.
घरी येऊन सांगा.

आणि याचा अभिनय करून सराव घ्या. कुणीतरी कार्यकर्ता बना आणि खरंच चॉकलेट पुढे करा. आमच्याकडे सुरुवातीला सगळे चॉकलेट घ्यायचे. हळूहळू "घेईन, पण सांगणार नाही" असं म्हणणारे निघाले. रिक्षातून घरच्याच माणसानं न्यावं. ज्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं, त्याला फसवणं सगळ्यात सोपं जातं.

---

अक्षरजुळणी, इचलकरंजी

मी डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिकेपासून जाहीरनाम्यापर्यंत. छपाईचं थोडं सांगतो.

युरोपातल्या नियमात १४ पॉइंट म्हणतात, पण ते रोमन लिपीचं झालं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे त्याच मापात अक्षराचं अंग बारीक दिसतं. १८ घ्या, ओळींत दीडपट जागा सोडा. फाँट साधा, एकसारख्या जाडीचा हवा. 'मुक्ता' फुकट मिळतो, चांगला आहे. फार बारीक वजनाचा घेऊ नका, अनुस्वार आणि रफार उडतात, आणि 'कंप'चा 'कप' झाला की वाचणारा तिथेच अडतो. दोन्हीकडून ओळी सारख्या करू नका, डावीकडून लावा, उजवीकडे वाकडंतिकडं राहू दे. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप करू नका, युनिकोडमध्येच करा, म्हणजे फोन ते पान मोठ्यानं वाचून दाखवू शकतो. चकचकीत कागद नको, त्यावर ट्यूबलाइट चमकते.

तारखेसाठी कालनिर्णयच्या पानाचा फोटो घ्या आणि त्या चौकोनाला गोल करा. भिंतीवर जे टांगलंय तेच कागदावर दिसलं पाहिजे.

चित्रांसाठी स्पेनच्या अरागॉन प्रांत सरकारचा 'अरासाक' हा संच आहे, घरगुती आणि बिनव्यापारी वापराला फुकट. फक्त त्यात जेवण म्हटलं की पावाची चित्रं फार, भाकरी सापडायची नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं हे. मतदानाच्या पुस्तिकेत वेळ दाखवायला घड्याळ काढू नका. 'बटण दाबा' यासाठी उघडा पंजा नको. सजावटीला कमळ नको, उजेडाला मशाल नको. 'चहा झाल्यावर निघा' म्हणून कपबशी काढाल, तर तीही अपक्षाला मिळालेली असू शकते, शिट्टीचंही तसंच. एका पक्षाच्या पत्रकाला मी चित्रं लावत होतो तेव्हा हे ध्यानात आलं, की आपल्या रोजच्या निम्म्या वस्तू कुणाची ना कुणाची निशाणी आहेत. चित्रावरून वाचणाऱ्या माणसासाठी ते चित्र म्हणजे सूचनाच. अर्ज मागे घेऊन चिन्हं वाटली की यादी बघा, मगच चित्रं पक्की करा. बोटाचा फोटो घ्यायचा तर फक्त एक बोट आणि निळं बटण, जवळून.

---

वर्षा, मिरज

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली पुस्तिका झाली. आठ पानं, सगळे फोटो आमच्याच शाळेचे आणि दादाचेच. घड्याळाचं वाचलं नसतं तर मी दुसऱ्याच पानावर घड्याळ लावणार होते. आता तिथे 'नाश्ता झाला की निघा' आणि पोह्यांच्या बशीचा फोटो आहे.

दादानं दोन गोष्टी बदलायला लावल्या. मी लिहिलं होतं, 'मत गुप्त असतं.' दाखव म्हटल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला आणि मतदानाला जायचंय हेच आईला सांगेना. म्हणजे सगळंच लपवायचं असं त्याला वाटलं. आता तिथे अशा ओळी आहेत:

मतदानाला जाताना सगळ्यांना सांगा.
कोणाला मत दिलं, ते सांगू नका.
आईनं विचारलं तरी नको.
वर्षानं विचारलं तरी नको.

ते वाचून तो खूश झाला. दुसरं, मी 'अधिकारी' लिहिलं होतं. त्यानं विचारलं, "नावं घेणारा?" मग तिन्ही पानांवर 'नाव घेणारा माणूस', 'शाई लावणारा माणूस', 'चिठ्ठी घेणारा माणूस' असं केलं. हे त्याला एकदम बसलं, गिरणीतही एक वजन करतो, एक दळतो आणि एक पैसे घेतो.

पुठ्ठ्याच्या यंत्रावर रविवारच्या जेवणाचं मतदान घेतलं. काकांनी तोंडानं बीप वाजवला. दादानं आडोशामागे जाऊन बटण दाबलं, बीप होईपर्यंत हलला नाही, आणि बाहेर आल्यावर आईनं तीनतीनदा विचारलं तरी "सांगणार न्हाई" एवढंच म्हणाला. निकाल अंडाकरीचा लागला. घरात अंडाकरी कुणाकुणाला आवडते ते आम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्याचं मत कुठे गेलं याचा अंदाज आहे, पण कुणी बोललं नाही.

'कोण उभं आहे' ही दुसरी पुस्तिका उमेदवार ठरल्याशिवाय करता येणार नाही. काका आणि मी दोघं मिळून लिहिणार. आमचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे एकमेकांची ओळ तपासली जाईल.

नाशिकच्या ताई, तुमच्या लेकीसाठी हवी असेल तर फाइल देते. तुमच्या शाळेचे फोटो आणि तिचं कार्ड घालून घ्या. चॉकलेटचं पान मीही घातलंय.

मास्तर, एक शंका. आमच्याकडे महापालिकेला एका प्रभागातून चार-चार नगरसेवक असतात. हीच पुस्तिका चालेल का?

---

झेडपीचा मास्तर

नाही चालणार, त्यासाठी वेगळी करा. तिथे अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबायचं असतं. सगळ्या जागांची मतं झाल्यावरच शेवटचा मोठा बीप येतो. दादा एक बटण दाबून बीपची वाट बघत उभे राहतील आणि बाहेरचे लोक ओरडतील. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर त्या जागेचं 'यापैकी नाही' दाबायचं.

सरावाच्या यंत्रावर चार गट करा: भात, भाजी, आमटी, गोड. प्रत्येकात एक बटण. काकांना सांगा, चौथं दाबेपर्यंत बीप वाजवायचा नाही. ग्रामपंचायतीलाही प्रभागात दोन-तीन जागा असतात, तर खेड्यातल्या कुणाला फाइल दिलीत तर हे पान त्यांनाही द्या. विधानसभेच्या पुस्तिकेत मात्र ते मिसळू नका.